बाहेरची भिंत

९ नोव्हेंबर, रविवार
लोक विचारतात, अंजूच्या पीएचडीला किती लागले? पैसा नाही लागला, शिष्यवृत्ती आहे. खरा खर्च वेगळाच — पोर हैदराबादला, बायको मंजुळा जाऊन दुसरं वर्ष, अन् जेवताना माझ्याच घासाचा आवाज मला ऐकू येतो.

रविवारी लेकीचा फोन येतो, तेवढाच. तिच्या कामाचं विचारलं की लांबतो. म्हणून विचारतो!

१० नोव्हेंबर
काल सांगत होती — "अप्पा, काही जिवाणूंना दोन भिंती असतात. प्रोटीन तयार होतं आत. आतली भिंत ओलांडायला ताकद मिळते, बाहेरच्या भिंतीपाशी इंधनच नसतं."
"मग निघतं कसं?"
"प्रोटीनची एक जात हाय. स्वतःच्याच शेपटाचं दार करती अन् त्यातून बाहेर पडती."
अरे, हा तर मीच!

१२ नोव्हेंबर
शहादेवच्या हॉटेलात सांगून टाकलं — "ऊसतोडीतून निघून धारूरला ठिबकचं दुकान टाकलं. कुणी हात दिला नाही. दारसुद्धा माझं मीच केलं!"
शहादेव कप विसळत म्हणाला, "मुकादम एकट्या गड्याला नेतो का बे? कोयता म्हंजी नवरा-बायको. तू तोडायचास, मोळ्या कोण बांधायचं?"
सगळे हसले. मीही हसलो.

१६ नोव्हेंबर, रविवार
येत्या शनिवारी व्यापाऱ्यांकडून माझा सत्कार. अंजूला म्हणालो, "ये की माय. तुझं प्रोटीन भाषणात घातलंय." वाचून दाखवलं.
"आई कुठाय त्यात?"
"पाचच मिनिटं देतेत बोलायला."
मग बोललीच नाही. रेंज गेली नव्हती — श्वास ऐकू येत होता. मंजुळा रुसली की असाच घ्यायची. कान लावून बसलो. ठेवावासा वाटेना फोन.
"बघते," म्हणाली.

२२ नोव्हेंबर
शाल, नारळ, टाळ्या. अंजू आली नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार
फोन आला. "अप्पा, त्या दिवशी प्रोटीनचं मी अर्धंच सांगितलं. आधी शास्त्रज्ञही तसंच समजायचे. पण ते दार त्याला एकट्याला बसवता येत न्हाई. बाहेरच्या भिंतीत आधीपासून दुसरं एक यंत्र असतं, ते बसवून देतं. ते नसलं तर प्रोटीन दोन भिंतींच्या मधेच अडकतं. तिथंच त्याचे तुकडे होतात."