ताईच्या उशाशी माइक

३ मार्च
ताईकडे राहायला आले. खोली झकास: पूर्वेला खिडकी, लिहायला टेबल, गादी हवी तशी कडक. निवृत्तीनंतर सगळ्यांचे फुकटचे सल्ले ऐकले, आता कुणाच्या तरी उपयोगी पडेन. पक्षाघातानंतर ताईला वाचा नाही, डावा हात तेवढा चालतो. मला पाहताच त्याच हाताने गालगुच्चा घेतला. थोरली ती थोरलीच!

तिच्या उशाशी तिच्या लेकाने बनवलेली पेटी आहे. साबणाच्या डबीएवढा कॉम्प्युटर, आत लिनक्स. यूएसबीने जोडलेला माइक श्वास ऐकतो, छोट्या पडद्यावर हिरवी रेघ वरखाली होते. श्वास थांबला की घंटा. पण माइक सारखा सुटतो, आणि सुटला की पेटी मुकी. आईचा जीव तारेला टांगून चिरंजीव परगावी! टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्म गेला माझा. बघतेच.

५ मार्च
भाचा फोनवर म्हणाला, मावशी, केबल बदल. बदलली. मग म्हणाला, करंट कमी पडत असेल, वेगळी वीज घेणारा हब लाव. लावला. मग म्हणे वीज वाचवायला लिनक्सच माइकला झोपवतं. ते त्याने तिथूनच बंद केलं. तुझ्या लिनक्सची वामकुक्षी आधी नाही का आठवली, विचारलं. हसला. माइक सुटतोच आहे.

७ मार्च
चोर सापडला. ताईच! दाराआडून पाहिलं: डाव्या हाताने तार हिसडते, प्लग ढिला होतो आणि वरून जागच्या जागी दिसतो. मला पाहून डोळे मिटले सोंगाडीने. वाटेल ते बोलले तिला. कॉन्व्हेंटमध्ये नन्सच्या छड्या खाल्ल्या, पण असला हट्ट मी नाही केला. माइक कपाटावर ठेवला, तार टेपने भिंतीला चिकटवली. ताई रडली. माझ्या मनगटावर ओरखडे काढले.

८ मार्च
दिवसभर एकदाही सुटला नाही. भाच्याला सुनावलं, तुझ्या पदवीपेक्षा माझी चिकटपट्टी बरी.
संध्याकाळी रेघेत काहीतरी वेगळं दिसलं. ताईच्या दोन श्वासांमध्ये आणखी एक बारीक श्वास. भाचा म्हणाला, तुझाच असेल. मी श्वास रोखून पाहिला. तो चालूच.

९ मार्च
खोलीत फक्त ताई. मी दाराच्या काचेतून पडदा पाहिला. मधला श्वास आता तिच्या श्वासाएवढा उंच. जवळ आल्यासारखा.
ताईचं अंग पुसायला रोज येणारी आया म्हणाली, माइक सुटला की मोठ्या बाई शांत झोपायच्या. आधी का नाही बोललीस? म्हणाली, तुम्ही बोलू देता कुठे. उद्यापासून येणार नाही म्हणाली.
ताई बोट दाखवते. कपाटाकडे नाही — स्वतःच्या उशामागे. तिथे भिंत आहे.
माइक काढू? मग श्वास थांबला तर मला कळणार कसं? राहू दे.

१० मार्च
ताई गार पडलीय. केव्हापासून कोण जाणे. मी शेजारीच होते, डोळे पडद्यावर —
घंटा वाजली नाही. वाजेल कशी? रेघ चालू आहे. संथ. सुरळीत.
तार ओढायला हात हलवत होती ती. मीच तार भिंतीला चिकटवून ठेवलेली.

कात्रीने तार कापली. माइक माझ्या मुठीत आहे.
पडद्यावर अजूनही: माइक जोडलेला.
दोन श्वास — नाही, एकच. माझा मी रोखून धरलाय. तरी मधला चालूच —
मानेवर गार श्वा