नळाला पाणी नव्हते म्हणून न वाजलेली घंटा

प्रति,
मा. प्राचार्य,
कै. ज्ञानबा मास्तर तंत्रनिकेतन,
सोलापूर.

विषय : अंतिम वर्षाच्या प्रकल्पाची फेरतपासणी नळाला पाणी असलेल्या दिवशी होणेबाबत.

संदर्भ : याच विषयाचा पूर्वीचा अर्ज, जो "अर्जात मी-मी फार आहे" या शेऱ्यासह परत मिळाला.

अर्जदार : कु. अपेक्षा महिपती येलपले, इलेक्ट्रॉनिक्स विभाग.

महोदय,

कार्यालयातील भाऊसाहेबांच्या सूचनेनुसार या खेपेस अर्जदाराने स्वतःला बाजूला ठेवून लिहिले आहे. जे सोसले ते कुणा अर्जदाराने सोसले, असे समजून वाचावे.

अर्जदार मूळची सांगोल्याकडची असून सध्या आईसह शहरात भाड्याच्या खोलीत राहते. गल्लीतल्या नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येते, आणि कोणत्या वेळी येईल ते देवालाही ठाऊक नसते. त्या दिवशी आईला टॉवेलच्या कारखान्यातले काम बुडवून नळापाशी बसावे लागते. खाडे फार होतात म्हणून एका कारखान्याने तिला काढले, दुसरा काढण्याच्या बेतात आहे. तेव्हा पाणी आले की वाजणारी आणि सबंध गल्लीला ऐकू जाणारी घंटा करावी, म्हणजे शेजारीण घागरी लावील आणि आई कामावर जाईल, असे अर्जदाराने ठरवले आणि तोच प्रकल्प घेतला. नळाच्या तोंडाशी दोन तारा बसवायच्या. दोन्हींना पाणी लागले की सर्किट पुरे होते आणि घंटा वाजते. सांगायला सोपे आहे.

पहिली अडचण अशी की वाजू लागलेली घंटा थांबेना, कारण पाणी गेल्यावरही तारांवर ओल राहायची. शेजारच्या म्हाळसाबाई दारात येऊन म्हणाल्या, "पोरी, ही घंटा हाय का रडकं ल्येकरू? गप करायचं औषध न्हाय व्हय?" अर्जदाराने तारा तिरप्या बसवल्या, थेंब ओघळून जाऊ लागला आणि घंटा शहाण्यासारखी वाजू व थांबू लागली. विभागप्रमुख श्री. उपळाईकर सरांनी वर्गासमोर शाबासकी दिली. अर्जदाराचे बरे दिवस ते तेवढेच.

पुढे खंडेनवमी आली. प्रथेप्रमाणे प्रयोगशाळेतील उपकरणे पूजेला मांडली आणि यंदाचा चांगला प्रकल्प म्हणून अर्जदाराच्या घंटेचा सर्किट-बोर्ड मधोमध ठेवला. "चालू राहू दे, शोभा येते," असे सरांनी सांगितले. हळदकुंकू झाले, नारळ फुटला आणि नारळाचे पाणी बोर्डावर शिंपडले गेले. तारांना पाणी लागले, घंटा वाजली. पाणी लागले की वाजायचे एवढेच त्या बिचारीला शिकवले होते. पण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. "द्येव पावला की," असे शिपाई विरुपाक्षमामा म्हणाले, आणि सरांनी उत्साहाच्या भरात दुसरा नारळ थेट बोर्डावरच फोडला. मग जळाल्याचा वास आला. अर्जदार तेव्हा हात जोडून उभी होती. प्रगती अहवालात या घटनेची नोंद "विद्यार्थिनीने उपकरणास पाण्यापासून संरक्षण दिले नाही" अशी झाली आहे. पाणी ओळखणाऱ्या यंत्राला पाणी लागू द्यायचे नाही, हे अभ्यासक्रमात कोठे आहे ते अर्जदाराला सापडले नाही.

अर्जदाराने दुसरा बोर्ड घेऊन सगळे नव्याने सोल्डर केले. बोटे भाजली, त्याबद्दल तक्रार नाही.

तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले. प्रकल्प प्रत्यक्ष जागेवर चालवून दाखवावा असा नियम असल्याने घंटा तंत्रनिकेतनाच्या आवारातील नळाला बसवली. त्या दिवशी नळ कोरडा होता. अर्जदार बाटलीतले पाणी ओतून दाखवायला पुढे झाली, तेव्हा परीक्षक म्हणाले, "नळाला पाणी आलं की वाजते असं तुम्हीच लिहिलंय. मग नळाला येऊ द्या." सर्वजण नळाकडे बघत बसले. चहा झाला, जेवण झाले, परीक्षकांच्या गाडीची वेळ झाली. "यंत्र वाजले नाही. अनुत्तीर्ण," असा शेरा देऊन ते गेले. साहेब, पाणी नसताना ती वाजली असती तर ती खोटी ठरली असती. नळ कोरडा आणि नापास घंटा, याला चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात.

घंटा परत मागितली असता, परीक्षेची वस्तू वर्ष संपेपर्यंत देता येत नाही असे उत्तर मिळाले. ती अजून त्याच नळावर आहे. पाणी आले की वाजते, विरुपाक्षमामा मोटर लावतात आणि तंत्रनिकेतनाची टाकी भरते. परवा ते म्हणाले, "तुजी घंटा लई गुणाची हाय बग. आता नळापाशी बसाया लागत न्हाय." त्यांचा दोष नाही, पण ते ऐकून अर्जदाराला रडू आले. जिच्यासाठी घंटा केली ती बाई अजून नळापाशीच बसते. दुसरी करावी म्हटले, तर अनुत्तीर्ण विद्यार्थ्याला प्रयोगशाळेत प्रवेश नाही.

अर्जदाराची पुण्यातील एका कंपनीत निवड झाली असून जूनअखेर उत्तीर्ण असल्याचा दाखला न दिल्यास ती जागा जाईल. तरी फेरतपासणी व्हावी. ती पाणी येईल त्या दिवशी ठेवावी. तो दिवस कोणता हे कोणीच सांगू शकत नाही, परंतु आपणांस वेगळे कळवण्याचीही गरज पडणार नाही. घंटा आपल्या दालनात स्पष्ट ऐकू येते, असे विरुपाक्षमामांनी सांगितले आहे.

आपल्या उत्तरासाठी खोळंबलेली, नम्र,
(सही)
अपेक्षा महिपती येलपले
सोलापूर, दि. २ मे २०२५

सोबत :
१) गुणपत्रिकेची प्रत.
२) जळालेला पहिला बोर्ड, हळदकुंकवासह.
३) दुसरा बोर्ड जोडता आला नाही. तो आपल्या नळावर कामावर आहे.