अधिक सोयीसाठी

बुधवार, ४ फेब्रुवारी

चि. टिटवीस आजीचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

आधी आला तो फीतवाला. सकाळी मी जिन्याखाली माझी फळी पुसून मशीनला तेल घालत होते, तर हा पुढ्यात उभा, गळ्यात मापाची फीत. मला वाटलं, पँट कंबरेत सैल करून हवी असेल, पोटही तसंच होतं. तर हा वाकून माझ्या फळीचंच माप घ्यायला लागला. मी म्हटलं, बाबा रे, मापं आम्ही घेतो, तू नव्हे. शेजारी किल्लीवाला इतका हसला की हातातली किल्ली वाकडी कापली गेली. तिचं गिऱ्हाईक समोरच उभं होतं, मग हसू आपोआप आवरलं.

मागून दुसरा आला. गुळगुळीत चेहरा, बोलणं त्याहून गुळगुळीत. मी त्याला गोडबोल्या नाव ठेवलंय. तो म्हणाला, आजी, तुम्ही तर या मार्केटचा प्राण आहात. आता तुझे आजोबा उभ्या जन्मात काजं बरी झालीत याच्या पुढे कधी गेले नाहीत, त्यामुळे मला अंमळ लाजायलाच झालं. असो, सांगत काय होते? हां, पाटी. त्यांनी जिन्याच्या खांबाला पाटी लावली. गाळेधारक आणि ग्राहक यांच्या अधिक सोयीसाठी जिन्याखालची जागा तात्पुरती मोकळी करायची आहे, पर्यायी व्यवस्था लवकरच केली जाईल. मी अक्षर लावून लावून वाचली आणि मला तू आठवलीस. सुट्टीत आली होतीस तेव्हा सांगितलं होतंस ना, आता तू या मार्केटवाल्या कंपनीच्या मोठ्या ऑफिसात पाट्यांचा मजकूर लिहितेस म्हणून. ही तूच लिहिलीस का गं? इतकं गोड दुसरं कोण लिहिणार. शिवाय 'अधिक' सोय म्हणजे आधी सोय होती हे त्यांनी मान्य केलं, नाहीतर जिन्याखाली वरून माती पडते आणि दिवसा दिवा लावावा लागतो.

किल्लीवाला खवचट. तो म्हणाला, मला यात काळंबेरं दिसतंय, जागा सोडायच्या कागदावर मी सही करणार नाही. मी त्याला चांगला फैलावर घेतला. म्हटलं, माझ्या नातीच्या हातचं आहे ते, माझी टिटवी टिवटिव फार करते पण खोटं बोलत नाही. मग बाकीचेही म्हणाले, आजी म्हणतात तर करू. उद्या सगळ्यांच्या सह्या आहेत.

फोनवर मला धड ऐकू येत नाही म्हणून हे कोंबडीचे पाय. लोभ आहेच, तो उसवू देऊ नकोस.

तुझी आजी


सोमवार, ९ फेब्रुवारी

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आत्ता मिळालं. सही केली नसशील तर करू नकोस. मशीन जागेवरून हलवू नकोस. किल्लीवाल्या काकांनाही सांग.

पाटी मीच लिहिली आहे. कुठल्या जिन्याची ते मला माहीत नव्हतं. आमच्याकडे मजकूर तयार असतो, नुसता शहराप्रमाणे बदलून जातो.

आजी, तुझ्या घरात तात्पुरतं म्हणजे तात्पुरतं असतं. आमच्याकडे ते राहिलं नाही. पहिल्यांदा मी हा शब्द लिहिला तेव्हा एका इमारतीचं पाणी खरोखर दोन दिवस बंद होतं. मग तीच पाटी एका लिफ्टला लावली. ती लिफ्ट पुन्हा चालू झालीच नाही, पाटी कोणी काढली नाही, आणि सगळ्यांना कळलं की असंही चालतं. सोयीसाठी हा शब्द साहेबांनी घातला, कारण नुसतं 'बंद' फार उघडंवाघडं दिसत होतं. सगळेच सोयीसाठी लिहायला लागल्यावर ते फिकं वाटायला लागलं म्हणून मी अधिक जोडलं. त्याबद्दल माझं कौतुक झालं होतं. आता ऑफिसात कोणी लवकरच म्हणालं की आम्ही हसतो. त्या जिन्याखाली मोबाइलच्या कव्हरांचं काचेचं दुकान येणार आहे. पर्यायी व्यवस्था म्हणून कुठेही काही नाही. मी कागद पाहिले.

उत्तर लगेच लिही. लोभ आहे तो ठेव, मी त्याला पात्र नसले तरी.

तुझी टिटवी


गुरुवार, १२ फेब्रुवारी

चि. टिटवीस अनेक आ. वि. वि.

पत्र पोचलं, पण वरातीमागून घोडं. सह्या ठरल्याप्रमाणे दुसऱ्याच दिवशी झाल्या. मशीन दोन हमालांनी चौथ्या मजल्यावर घरी आणलं. ते आता माझ्या पलंगाशेजारी आहे आणि पलंगावर चढायचं तर मला पायथ्याकडून कसरत करावी लागते. आपला जिना अंधारा आणि सरळसोट. परवा एक बाई कोटाची चेन बदलायला आली, दुसऱ्या मजल्यापर्यंत धापा टाकत पोचली आणि तिथूनच ओरडून म्हणाली, राहू दे. त्या दिवसापासून कोणी आलेलं नाही.

मी तुझ्यावर रागावलेली नाही. रागावले असते तर पत्र एवढं लांबलं नसतं. किल्लीवाला मात्र बोलत नाही. त्याची पेटी त्यानं एका रसवाल्याच्या दाराशी ठेवली होती, तिथून त्याला हुसकलं. मी तुझं पत्र त्याला वाचून दाखवलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाला, नात खोटं बोलत नाही म्हणाला होतात. तू खोटं बोललीस असंही नाही. इलास्टिकसारखं झालंय ते. रोज थोडं थोडं ताणायचं, तुटत तर नाहीच, पण एक दिवस कंबरेवर थांबत नाही. बाहेरून बघितलं तर नवंच दिसतं.

मार्केटच्या ऑफिसात जाऊन आले. तिथली मुलगी फार गोड, तिनं मला बसायला खुर्ची दिली. तुमच्या भावना आम्ही वर पोचवतो, म्हणाली. मी म्हटलं, भावना राहू देत, मशीन खाली पोचव.

तुला काही करता येत असेल तर कर. माझं राहू दे, निदान किल्लीवाल्याचं. त्यानं माझ्या शब्दावर सही केली.

लोभ आहे, फक्त थोडा घट्ट टाका घालावा लागेल.

आजी


सोमवार, १६ फेब्रुवारी

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

साहेबांशी बोलले. ते सकारात्मक आहेत. तुमचा विषय त्यांनी मनावर घेतला आहे आणि लवकरच काहीतरी चांगलं होईल, नक्की. तू अजिबात काळजी करू नकोस.

एक विनंती. ती पाटी मी लिहिली हे आता तिथं कोणाला सांगू नकोस. इथे बढतीची यादी लागायची आहे. ती झाली की मला जास्त करता येईल.

लोभ वाढत राहावा.

टिटवी


शुक्रवार, २० फेब्रुवारी

चि. टिटवीस आ.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा बरं वाटलं. दुसऱ्यांदा वाचताना वाटलं, हे खांबावर लावता येईल.

कोणाला सांगणार नाही, निर्धास्त राहा. आता सांगायला कोणी माझ्याशी बोलतंय कुठे.

काल मात्र मी एक उद्योग केला. बुटाच्या खोक्याचं झाकण घेतलं आणि त्यावर माझ्याच अक्षरात लिहिलं, आम्हाला इथून काढलं आहे, काज-बटण आणि चेन मागच्या गल्लीत चौथ्या मजल्यावर, जिना अंधारा आहे, बॅटरी आणावी. खाली जाऊन ते तुझ्या पाटीच्या शेजारी सुतळीनं बांधलं. माझी फळी अजून तिथंच आहे, भिंतीत ठोकलेली, तिच्यावर बसले. थोड्या वेळानं किल्लीवाला आला. वाचलं. खिशातून पेन काढून खाली कोपऱ्यात त्यानं लिहिलं, किल्ल्या कुठेच नाहीत. मग माझ्या शेजारी बसला. एवढ्या दिवसांनी बसला गं.

तेवढ्यात फीतवाला आणि गोडबोल्या आलेच. या वेळी प्राणबिण काही नाही. गोडबोल्यानं झाकण वाचलं आणि म्हणाला, आजी, भाषा जरा कडक झाली आहे, काढलं ऐवजी हलवलं लिहा. मी म्हटलं, शब्द माझा आहे, तुमच्या मापाचा करून मिळणार नाही. फीतवाला हसला बिचारा, मग गोडबोल्याकडे बघून त्यानं फळीचे खिळे मोजायला घेतले.

तुझी बढती झाली की कळव. मला आनंदच होईल, आणि आनंद हा शब्द मी अजून जुन्याच अर्थानं वापरते.

तुझी आजी

ता. क. फळी आणि झाकण दोन्ही काढायला ते सोमवारी येतो म्हणाले आहेत. या खेपेला लवकरच म्हणाले नाहीत, म्हणजे येतील.