आप्पा बोट द्यायला तयार नाहीत

प्रिय बारक्या,

तुझा निरोप मिळाला. पुढच्या आठवड्यात तू तुझ्या छोटीला घेऊन येणार आणि आप्पा तुम्हाला सगळी बेटं फिरवून आणणार. वाचून आनंद व्हायला हवा होता, पण खरं सांगते, डोकंच फिरलं माझं.

आपली शिडाची बोट भाड्याने नेणाऱ्याची आप्पा आधी परीक्षा घेतात, हे तुला माहीत आहेच. बंदराबाहेर पडायचं, शिडं चढवायची, वळसा घालून परत यायचं; जमलं तर किल्ली हातात. पूर्वी पाहुण्यांनाही त्यात गंमत वाटायची. या हंगामात मात्र आप्पा एकजात सगळ्यांना नापास करत सुटलेत. परवा एक दातांचे डॉक्टर बायकोला घेऊन आले. आयुष्यभर बोटी चालवलेला माणूस. मी चादरी बदलल्या, पाण्याच्या टाक्या भरल्या, बर्फ चढवला, आणि आप्पांनी परत येऊन धक्क्यावर पाऊल ठेवताच जाहीर केलं की यांना बोट मिळणार नाही. का, तर म्हणे विचारलेल्याचं धड उत्तर देत नाहीत. शेजारच्या झाडून सगळ्या बोटी समुद्रात आणि आपली तेवढी बांधलेली. मी अबोला धरला, तर आप्पा निवांत दोर गुंडाळत बसले. नाकी नऊ आणलेत रे त्यांनी.

डॉक्टरांची माफी मागायला मीच गेले. ते चिडले नव्हते. त्यांनी हळूच विचारलं, समोर काय दिसतंय, बोया लाल की हिरवा, असं तुमचे वडील सारखं का विचारत होते? मी म्हटलं, परीक्षाच ती. त्यावर ते म्हणाले, परीक्षा घेणाऱ्याला उत्तर माहीत असतं.

दुसऱ्या दिवशी मी आप्पांबरोबर बोटीवर गेले. खडकाची खूण म्हणून तरंगत ठेवलेला लाल बोया अगदी पुढ्यात आला तरी त्यांनी बोट वळवली नाही. शेवटी मीच सुकाणू ओढलं. म्हणाले, ऊन डोळ्यांवर आलं. आभाळ गच्च भरलेलं होतं. पाहुणे बोट कशी चालवतात तेच दिसत नसेल, तर ते पास कुणाला करणार? डोळे तपासून घेऊ म्हटलं की विषय बदलतात, ताकास तूर लागू देत नाहीत. मला राग येतो, आणि मग फार भीती वाटते.

म्हणून हे लिहितेय. येऊ नकोस असं म्हणवत नाही. छोटीचं लाइफ जॅकेट ते रोज पुसून ठेवतात. पण त्यांना सुकाणू धरू देऊ नकोस. भांडू नकोस, डोळ्यांचं नाव काढू नकोस. तुला बोट लागते, धक्का सुटायच्या आत ओकतोस, सगळं ठाऊक आहे मला. ओकत ओकत का होईना, सुकाणू तू धर आणि म्हण, आप्पा, मला शिकवा. तुझ्या शेजारी बसून बोये मी बघेन. ते खुशीत बाजूला बसतील. मीच म्हटलं असतं रे, पण मला त्यांचं सगळं शिकवून झालंय.

तुझीच, वैतागलेली,
ताई