पणतीला पहिलीत घातले त्याची हकीकत

बाबा,

मी तुमचा थोरला मुलगा. वय चोपन्न, वाणिज्य शाखेचा पदवीधर, कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका व्यापाऱ्याकडे हिशेबनीस आणि आपल्या गावाच्या संघर्ष समितीचा लेखनिक. तुमच्या पणतीला, म्हणजे माझ्या नातीला, या जूनमध्ये पहिलीत घातले. त्याची हकीकत तुम्हाला कळवावी आणि एका बाबतीत तुमचे मत काय पडले असते ते तपासून पाहावे, एवढ्यासाठी हे लिहीत आहे. समोरासमोर मी तुम्हाला 'तू' म्हणत असे. आपल्याकडे बापाला अहो-जाहो करण्याची रीत नाही. कागदावर मात्र माझ्याने 'तू' म्हणवत नाही. तुम्हाला वाचता येत नव्हते, याचाही मला विसर पडलेला नाही. सरकारी कागद आला की तुम्ही तो माझ्यापुढे धरत आणि म्हणत, "वाच, पन सावकाश वाच. घाईत वाचलेला कागद दुसऱ्याचा असतो."

तुम्ही मला शाळेसाठी कसे तयार केलेत, ते या उन्हाळ्यात मला वारंवार आठवले. शाळा सुरू होण्याच्या आधीचे दिवस आहेत. आई चुलीपुढे भाकऱ्या थापते आहे, स्वयंपाकघरात धूर कोंडला आहे आणि तुम्ही मिठागरावरून आल्या आल्या मला पाटावर मांडी घालून बसवले आहे. हलायचे नाही, उठायचे नाही, भाकरी समोर आली तरी हात लावायचा नाही. तुमच्या पोटऱ्यांवर मिठाचे पांढरे ओघळ वाळलेले आहेत आणि तुम्ही दाभण-सुतळी घेऊन गोणपाटाचे बसकर शिवत आहात, कारण तेव्हा शाळेत बसायला ज्याने त्याने आपापले बसकर न्यायचे असे. मला लघवीला लागली म्हणून मी चुळबूळ केली, तर मान वर न करता तुम्ही म्हणालात, "बापाच्या घरात नाय बसवत तुला, त मास्तरच्या म्होरं काय बसशील?" आई म्हणाली, "पोर हाय तो, ध्यान लावून बसनारा बगला नाय." तुम्ही सुतळी ओढत राहिलात. बसकर मात्र माझ्या मांडीच्या मापाचे झाले होते. ते मी तिसरीपर्यंत वापरले.

ती शाळाही तुमचीच. गावातल्या बाप्यांनी टेकडीवरून डोक्यावर दगड वाहून तिचे जोते घातले, हे तुम्ही प्रत्येक पाहुण्याला सांगत असा. गावकीत कोणी कुरकुर केली, की शेतीची कामे सोडून हे कशाला, तेव्हा तुम्ही दिलेले उत्तर म्हातारी माणसे अजून सांगतात: "जिथं शाला नाय ती वस्ती. गाव नाय." हे वाक्य मी मुद्दाम लिहून ठेवतो आहे, कारण पुढे माझी सगळी मदार त्याच्यावर आहे.

तुम्ही गेल्यानंतर आपल्या जमिनींवर विमानतळ होणार हे नक्की झाले. टेकडी सुरुंगांनी फोडली, त्याच मातीचा भराव खाजणात टाकला. तुमचे मिठागर कुठे होते ते आता मलाही खात्रीने दाखवता येणार नाही. घरांच्या बदल्यात दूर नव्या वसाहतीत भूखंड मिळतात. शेजारची गावे एकेक करून उठली. आपले गाव अडून बसले, कारण वेगळ्या चुली मांडलेल्या धाकट्या भावांची घरे मोजणीत धरलेलीच नाहीत. त्यात तुमच्या धाकट्याचे घरही आले. तोच समितीचा पुढारी आहे. मागच्या वर्षी गावदेवीच्या देवळात सर्वांनी नारळावर हात ठेवून शपथ घेतली. मजकूर मी लिहिला होता. "दादा, तूच लिव. तुज्या लिवन्यातून पानी पन गलत नाय," असे धाकटा म्हणाला आणि सगळे हसले. मी लिहिले की, शेवटच्या घराचा निकाल लागेपर्यंत कोणीही आपल्या घराला कुलूप लावणार नाही. शाळेविषयी मी काही लिहिले नाही. शाळा कोणी उचलून नेईल हे माझ्या ध्यानात आले नाही, आणि इतर कोणाच्याही आले नाही.

मे महिन्यात ती नेली. एका दुपारी टेम्पो आला. बाके, फळा, कपाट, भारताचा नकाशा आणि घंटा असे सगळे त्यात चढले. शाळा यापुढे नव्या वसाहतीत भरेल, असा कागद दाराला डकवला. गावातल्या बायका बांधावर उभ्या राहून पाहत होत्या. एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, "नवरी गेली, आता वऱ्हाड मागनं येनारच." कोणाला हसू आले नाही.

आपल्या घरात या वर्षी पहिलीच्या वयाच्या दोन मुली होत्या, माझी नात आणि धाकट्याची नात. दोघींनी सबंध हिवाळा ओटीवर शाळा-शाळा खेळण्यात घालवला होता. एक बाई होई, दुसरी पोर होई, आणि मार खाण्यावरून भांडणे होत. शाळा गेल्यावर समितीत ठरले की गावातले एकही मूल तिकडे जाणार नाही. वर्ष फुकट गेले तर जाऊ दे. हे तोंडी ठरले. त्या दिवशी मी कामावर होतो. घरी आलो तेव्हा सून भाजी निवडत होती. ती सुकापूरची, बारावी झालेली, कमी बोलणारी. ती म्हणाली, "पप्पा, गावाचं भांडण गावाने करावं. माझ्या मुलीचं वर्ष त्यात घालायचं नाही." माझी बायको आतून ओरडली, "तिथं आपलं कोन हाय? एकटं लेकरू पाठवतंस?" मुलगा बंदरात ट्रेलर चालवतो, आठवड्याने घरी येतो. तो फोनवर म्हणाला, "पप्पा बोलतील तसं करा." म्हणजे निर्णय माझ्याकडे आला.

मी शपथ पुन्हा वाचली, सावकाश वाचली. आम्ही घराला कुलूप लावणार नव्हतो, आम्ही इथेच राहणार होतो. मूल सकाळी जाईल, दुपारी परत येईल. ज्याचा उल्लेख नाही त्याची मनाई नाही, या नियमावर माझा सारा व्यवसाय चालतो. शिवाय तुमचे वाक्य माझ्या बाजूला होते. मी धाकट्याला जाऊन स्पष्ट सांगितले. तो अंगणात जाळे दुरुस्त करत होता. त्याने जाळ्यावरून नजर काढली नाही. "शपत काय कागदाव घेतली व्हती, दादा? नारलाव हात ठेवलेला." मी म्हणालो, "माझी नात शाळेत जाते आहे, मी नाही." तो म्हणाला, "एरोड्रमवाल्यांना तेवडंच लागतं."

मग मी माझ्या पद्धतीने तयारी सुरू केली. स्कूटरवर पुढे उभे करून तिला नव्या शाळेचा रस्ता दाखवला. डंपर आला की डोळे मिटून घ्यायचे, धूळ बसली की उघडायचे. सुनेने तिला डब्याचे झाकण उघडायला, बटणे लावायला आणि "बाई, एकीला जाऊ?" असे विचारायला शिकवले. बायको रुसलेली होती, तरी तिने गणवेशाची उंची वाढत्या अंगाची ठेवून आत दुमड घातली. बोलण्याची तयारी माझ्याकडे होती. ती घरातल्यासारखे बोलते, हाय-नाय करते, त्याला माझी हरकत नव्हती. माझा आग्रह एवढाच की, बोलायचे ते मोठ्याने, सावकाश, समोर बघून. स्वतःचे नाव, बापाचे नाव, गाव, तालुका पनवेल, जिल्हा रायगड. आणि कोणी काही विचारले तर गप्प राहायचे नाही. पहिलीत मी पुष्कळ दिवस गप्प बसत असे. तुम्ही मला बसायला शिकवले होते, बोलायला नव्हे. ही उणीव मी तिच्यात राहू देणार नव्हतो. रोज संध्याकाळी ती ओटीवर उभी राहून सगळे म्हणून दाखवी आणि धाकट्याची नात आपल्या उंबऱ्यावरून तेच शब्द ओठांतल्या ओठांत म्हणत असे.

पहिल्या दिवशी शाळेत प्रवेशोत्सव होता. पताका, गुलाबाची फुले, नवी पुस्तके, गोड शिरा. दरवर्षी सगळीकडेच असतो तसा. इथे त्याखेरीज प्रकल्पाचे एक अधिकारी आले होते आणि फोटो काढणारे दोघे-तिघे होते. आपल्या गावची ती एकटीच आहे हे कळल्यावर तिला पुढे बोलावले. अधिकारी गृहस्थ प्रेमळ होते, खाली वाकले, माइक तिच्यापुढे धरला. "कुठल्या गावची ग तू?" तिने सांगितले. मोठ्याने, सावकाश, समोर बघून, जिल्ह्यापर्यंत. टाळ्या पडल्या. "नवी शाळा आवडली?" ती म्हणाली, "हो." "मग आता सगळे इकडेच राहायला येणार ना?" या प्रश्नाचे उत्तर तिला कोणी शिकवलेले नव्हते. तिने गर्दीत मला शोधले. मी मागे उभा होतो, माझ्यापुढे फोटोवाल्याची पाठ होती. गप्प राहायचे नाही हे तिला ठाऊक होते. ती म्हणाली, "हो." पुन्हा टाळ्या पडल्या आणि कोणीतरी तिच्या हातात आणखी एक गुलाब दिला.

दुसऱ्या दिवशी तो फोटो स्थानिक वर्तमानपत्रात आला. खाली आपल्या गावाचे नाव होते, आणि गाव स्थलांतराला राजी असल्याचे म्हटले होते. दोन दिवसांत मोजणीवाले पोलीस घेऊन आले. मोजणीतून वगळलेल्या घरांची सुनावणी पुढे ढकलली गेली, कारण विरोध उरलेला नाही असे वरच्या कागदात लिहिले गेले. ते एक वाक्य खोडून घ्यायला गावचे लोक तालुक्याच्या कचेरीत गेले, आणि त्यांच्यापुढे तोच फोटो ठेवण्यात आला.

काल देवळात बैठक झाली. मी लेखनिकाच्या जागी बसलो नाही. धाकटा उभा राहून बोलला आणि माझ्याकडे पाहून बोलला. "दादा, पोरीवर कोनाचा राग नाय. सोमवारपासून ती घरी ऱ्हाईल, आन तू लिवून देशील की तिला पाठवली ही चूक व्हती. एवडं केलंस त गाव तुजं. नाय त तुज्या दारात हलदीला कोन येनार नाय आन मयताला पन नाय." मागून कोणीतरी म्हणाले, "एरोड्रमवाल्यांना बोलव खांदा द्याया." मी म्हणालो की बाबांनी शाळेसाठी दगड वाहिले होते. धाकटा म्हणाला, "म्हाईत हाय. ते दगड ज्या टेकडीचं, ती आता भरावात गेली."

घरी आलो तर त्याने आमच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या दोन घरांमधल्या दाराला त्याच्या बाजूने कडी घातली होती. बायको चुलीपाशी बसून म्हणत होती, "मी मेल्याव मना उचलनार कोन? तुजा कायदा उचलंल?" सुनेने पिशवी भरून ठेवली आहे, शाळा बंद केली तर ती मुलीला घेऊन माहेरी सुकापूरला जाईल, आणि परत केव्हा येईल ते तिने सांगितलेले नाही. नात कडी घातलेल्या दारापाशी उभी होती. पलीकडून हाक येईल असे तिला वाटत असावे. मला पाहून तिने विचारले, "आजोबा, मी चुकीचं बोलली का?" मी म्हणालो, "नाही. बरोबर बोललीस."

उद्या सोमवार आहे. मी तिला शाळेत नेणार आहे. समितीने मागितलेले चार शब्द मी लिहून देणार नाही. याचा परिणाम काय होईल हे मला माहीत आहे. तुमच्या बायकोला नेताना सगळे गाव आले होते, माझ्या बायकोला नेताना चार भाडोत्री माणसे लागतील. सकाळपासून मी तुमचे वाक्य पुढे धरून बसलो आहे, पण खरे सांगायचे तर त्याचा निकाल मला लागत नाही. जिथे शाळा नाही ते गाव नाही, असे तुम्ही म्हणालात. जिथे शाळा आहे तिथे गाव असतेच, असे तुम्ही म्हणाला नव्हतात. तुम्ही धाकट्याच्या बाजूने उभे राहिला असता ही शक्यता मी नाकारू शकत नाही.

हे पत्र कोणाला दाखवायचे नाही, आणि पाठवण्याजोगा पत्ता तर नाहीच. म्हणून एक गोष्ट इथे लिहितो. त्या सकाळी लोखंड बाजारातल्या चहाच्या टपरीवर ते वर्तमानपत्र पाहिले, तेव्हा खालचा मजकूर मी मागाहून वाचला. आधी मला तिचा सरळ भांग दिसला, ताठ मान दिसली, आणि आपल्या घरातले कोणी तरी असे उभे राहिले म्हणून छाती भरून आली. मजकूर वाचून झाल्यावरही मी तो फोटो कापून घेतला. काल देवळात धाकटा बोलत होता तेव्हा तो माझ्या सदऱ्याच्या खिशात होता.

तुमचा,
थोरला

मुक्काम आपलेच गाव, तालुका पनवेल
जूनमधला शेवटचा रविवार