गोदाम, भट्टी आणि शेवटची बोली

मी, खाली सही करणार बाई, राहणार गोदामावरच्या दोन खोल्यांत, धंदा दुकानांचे वापरलेले सामान लिलावात घेणे आणि विकणे, हे मृत्युपत्र लिहून ठेवते ते असे. माझे गुडघे गेले आहेत, डाव्या कानाने कमी ऐकू येते, पण डोके जागेवर आहे. 'शाबूत बुद्धीने' हे शब्द लोक मृत्युपत्रात रीत म्हणून घालतात. माझ्या बाबतीत ते रीत म्हणून घातलेले नाहीत. माझा एकुलता एक मुलगा आणि माझे धाकटे दीर यांनी मिळून, माझी बुद्धी शाबूत नाही असा अर्ज कोर्टात देण्याची तयारी चालवली आहे. अर्ज मंजूर झाला की मुलगा माझा पालक होणार आणि गोदाम सामानासकट दिरांना विकून मोकळा होणार. तेव्हा हा कागद मी कोणाच्या धाकाने, दडपणाने वा भुलावणीने लिहीत नसून रागाने लिहीत आहे. वकीलसाहेब म्हणाले, "आजी, राग हा शब्द मृत्युपत्रात बसत नाही." मी म्हटले, "जागा करा."

कलम १. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला वार विचारला, मुलाचे नाव विचारले, मग शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितले. मी म्हटले, "डॉक्टर, आमच्या धंद्यात आकडा चढत जातो. सातांनी चढू का?" ते हसले, पण वजाबाकी करून घेतलीच. ती बरोबर आली असे दाखल्यात लिहिले आहे.

कलम २. मिळकतीचे वर्णन. गोदाम, त्यावरच्या दोन खोल्या, आत असलेले सर्व सामान, म्हणजे काचेची काउंटर, लोखंडी मांडण्या, वजनकाटे, आइस्क्रीमचे फ्रीझर, कपड्याच्या दुकानांतले पुतळे, गल्ल्याच्या पेट्या वगैरे. हे सर्व स्वकष्टार्जित असून त्यात वडिलोपार्जित काहीही नाही. सासरकडून मला मिळाले ते दीर.

कलम ३. दिरांना, म्हणजे आमच्या भाऊजींना, मी दारामागची लोखंडी तिजोरी देते. तिची हकिगत त्यांना आठवत नसेल तर मला आठवते. आमचे हे आणि भाऊजी तेव्हा भागीदार होते. एका सराफाचे दुकान उठले, लिलाव होता, आणि दोघे भाऊ गर्दीत चुकून खांबाच्या दोन बाजूंना उभे राहिले. यांनी बोली लावली, खांबापलीकडून कोणीतरी चढवली. यांनी पुन्हा चढवले, पलीकडच्याने पुन्हा. तिसऱ्या कोणाचा हात वर नाही, हे पुकारणाऱ्याला दिसत होते, पण तो कशाला बोलेल? तिजोरी पदरात पडली तेव्हा खांबाला वळसा घालून दोघे समोरासमोर आले. त्यावरून जी भांडणे झाली त्यात भागीदारी मोडली. तिजोरीला किल्ली नाही, कधीच नव्हती. भाऊजी आजवर म्हणत आले की आत नक्की काहीतरी आहे आणि वहिनी लपवते. घेऊन जा भाऊजी. हमाली तुमची.

कलम ४. हे कलम कोणाला काही देण्याचे नाही, तरी ते राहू द्यावे. वकीलसाहेबांनी दोनदा खोडले, मी दोनदा लिहायला लावले.

लिलावाच्या हॉलमध्ये जुन्या व्यापाऱ्यांचा एक कंपू आहे. भाऊजी त्याचे म्होरके. कंपूतले लोक एकमेकांवर बोली चढवत नाहीत. कोणी हात वर करायचा हे आधी ठरलेले असते. त्यामुळे एखाद्याचे अख्खे दुकान मातीमोलाने सुटते. मग हे सगळे हॉलमागच्या चहाच्या टपरीवर जमतात आणि तेच सामान आपसात पुन्हा लिलावात काढतात. तिथे खरा भाव निघतो आणि वरचा पैसा सगळे वाटून घेतात. त्याला ते 'मागचा चहा' म्हणतात. ज्याचे दुकान बुडाले तो पुढच्या दाराने रिकाम्या हाताने घरी जातो, आणि मागच्या दारी त्याच्याच काउंटरवर हशा चाललेला असतो. याला मढ्याच्या टाळूवरचे लोणी खाणे म्हणतात. दुसरा सभ्य शब्द मला सापडला नाही, वकीलसाहेबांनाही नाही.

आमचे हे गेल्यावर भाऊजी मला भेटायला आले. "वहिनी, तुम्ही कशाला हॉलच्या धक्काबुक्कीत पडता? घरी बसा. मागच्या चहातला दादाचा वाटा घरपोच येईल." मी म्हटले, "भाऊजी, चहा मला घरी करता येतो." दुसऱ्या आठवड्यात मी हॉलमध्ये गेले. हात वर केला. पुकारणाऱ्याला दिसला नाही. पुन्हा केला. पुन्हा दिसला नाही. त्याला तसे सांगून ठेवलेले होते. मागून भाऊजींचा आवाज आला, "हात दाखवून अवलक्षण!" आणि सगळे हसले. समोर विक्रीला एका बंद पडलेल्या सलूनची खुर्ची ठेवलेली होती, खालची कळ दाबली की वर चढणारी. मी तिच्यावर चढून उभी राहिले आणि ओरडले, "आता दिसते का? ही जिच्यावर उभी आहे तीच खुर्ची घेते!" त्या दिवसापासून त्याला माझा हात दिसायला लागला. समोरचे न्हावीदादा आजही त्याच खुर्चीवर गिऱ्हाइकांची हजामत करतात आणि या मृत्युपत्राला साक्षीदार आहेत.

कलम ५. मिस्त्रींना, ज्यांनी माझे मेलेले फ्रिज उठवले, त्यांची बसायची जागा, टेबल, गॅस भरायचे सिलिंडर आणि सर्व हत्यारे कायमची द्यावीत. गोदाम कोणाचेही झाले तरी त्यांना त्या कोपऱ्यातून कोणी उठवायचे नाही. ते दिवसभर पुटपुटत असतात. गिऱ्हाइकासमोर "हा फ्रिज घेऊ नका" असेही म्हणतात. त्यावरून मी त्यांच्याशी आयुष्यभर भांडले आणि एकदाही जिंकले नाही. भांडण चालू ठेवावे.

कलम ६. बँकेतली माझी ठेव आणि वरच्या दोन खोल्या मुलाला. पूर्ण, विनाअट. तो वाईट नाही. त्याला लाज वाटते. शाळेत असताना त्याच्या वर्गातल्या एका मुलाच्या वडिलांचे कपड्याचे दुकान उठले आणि ते पुतळे आमच्या दारात टेम्पोतून उतरले. तो मुलगा रस्त्याच्या पलीकडे उभा राहून बघत होता. माझा मुलगा त्या दिवशी जेवला नाही. मोठा झाल्यावर एकदा म्हणाला, "आई, लोकांची दुकानं बुडतात तेव्हाच तू तिथे पोचतेस." ते वाक्य माझ्या जिव्हारी लागले ते अजून निघालेले नाही. त्याचे उत्तर तेव्हा सुचले नाही, आज लिहून ठेवते. बाळा, दुकान मी पोचायच्या आधीच बुडालेले असते. मी पोचले नाही तर तिथे फक्त तुझा काका पोचतो. आणि तू ज्याच्याशी हातमिळवणी करून आईला वेडी ठरवायला निघाला आहेस, तोच हा काका.

कलम ७. आता भट्टीबद्दल, कारण माझ्या वेडेपणाचा पुरावा म्हणून अर्जात तीच येणार आहे.

पलीकडच्या रस्त्यावर एक पाववाल्या बाई आहेत. नवरा आजारपणात गेला, कर्ज मागे राहिले. गाळा त्यांचा स्वतःचा, पण आतले सगळे सामान बँकेकडे गहाण होते. म्हणून सामानाचा लिलाव निघाला, सगळे एकत्र, एकाच बोलीत. कणीक मळायचे यंत्र, पाव कापायचे यंत्र, पत्रे, मांडण्या, आणि भट्टी. भट्टी विटांची, भिंतीत बांधलेली. ती उचलायची तर भिंत पाडावी लागेल, आणि पाडली तर हातात राहणार विटा. कंपूला हेच हवे होते. भट्टीची धोंड गळ्यात नको म्हणून बाहेरचा कोणी बोलणार नाही, आणि यंत्रे फुकटात सुटतील.

बोली सुरू झाली. भाऊजींच्या माणसाने हात वर केला. मी चढवले. त्याने चढवले, मी पुन्हा. पाववाल्या बाई मागच्या बाकावर पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. प्रत्येक बोलीला त्यांच्या डोक्यावरचा भार थोडा उतरत होता. शेवटी भाऊजी स्वतः उठले, शेवटची म्हणून एक बोली लावली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "वहिनी, भट्टी काय डोक्यावर घेऊन जाणार?" हॉल हसला. त्यावर एक बोली चढली. पुकारणाऱ्याने "आजींची बोली" म्हणून एक वार, दोन वार, तीन वार म्हटले, आणि भट्टीसकट सगळे माझ्या नावावर लागले. दुसऱ्या दिवशी भाऊजींनी मुलाला फोन करून सांगितले, "तुझ्या आईचं डोकं फिरलं. जी वस्तू जागेवरून हलत नाही ती तिने विकत घेतली." मुलाने ऐकून घेतले.

भट्टी आजही जागेवरच आहे. पाववाल्या बाई तिच्यातच पाव भाजतात आणि सामानाचे भाडे दर महिन्याला न चुकता आणून देतात. माझ्यामागेही हे असेच चालावे. सामानात घातलेली रक्कम भाड्यातून फिटली की भट्टी व यंत्रे त्यांच्या मालकीची होतील. त्यानंतर त्यावर माझ्या कोणत्याही वारसाचा हक्क वा हितसंबंध राहणार नाही.

कलम ८. गोदाम, आतले सर्व सामान आणि लिलावाच्या हॉलमधली पहिल्या रांगेतली माझी जागा, हे सर्व मी माझ्या सुनेला देते. मुलाला नाही, मुलगा आणि सून मिळून नाही, एकट्या सुनेला. ती ते चालवील, वाढवील किंवा विकेल, ती मुखत्यार. अट एकच, मागच्या चहाला बसायचे नाही.

कारण विचारले जाईल, म्हणून देते. भट्टीच्या लिलावाला माझे गुडघे चालेनात म्हणून सूनबाई सुट्टी टाकून माझ्याबरोबर आली होती. माझ्या शेजारीच बसली होती. भाऊजी वळून जे बोलले त्यावर मला उत्तर द्यायचे होते, पण ऐन वेळी खोकल्याची उबळ आली. अशी आली की डोळ्यांतून पाणी, हात छातीवर, आवाज बंद. सगळा हॉल माझ्याकडे बघत होता. पुकारणारा "दोन वार" म्हणाला, आणि माझ्या बाजूचा एक हात वर गेला.

तो माझा नव्हता.

पुकारणाऱ्याने सवयीने "आजींची बोली" म्हटले आणि ती माझी झाली. बाहेर आल्यावर सूनबाई म्हणाली, "आई, चुकलं का माझं?" मी विचारले, "काका हसले म्हणून केलंस का?" ती म्हणाली, "नाही हो. भट्टी कुणालाच हलवता येत नाही, म्हणजे ज्याने घेतली त्याला ती तिथेच ठेवावी लागणार. मग बाकीची यंत्रं तरी का हलवायची? बाई तिथेच काम करतील, भाडं देतील. त्यांचं दुकान राहील, आपले पैसे सुटतील." एवढा हिशेब तिने मी खोकत असताना केला होता. मला तो खोकत नसतानाही सुचला नसता. मी तर नुसती भाऊजींवरच्या रागाने चढवत चालले होते.

मीच तिला म्हटले, घरी एवढ्यात बोलू नकोस. मला बघायचे होते की त्या बोलीचे हे लोक काय करतात. त्यांनी त्या बोलीला माझा वेडेपणा ठरवले. आज हे लिहायच्या आधी मी सूनबाईला विचारले, "लिहू का?" ती म्हणाली, "लिहा. मी कधीचीच सांगणार होते, तुम्हीच थांबवलंत."

कलम ९. मृत्युपत्र माणूस मेल्यावर वाचायचे असते हे मला माहीत आहे. तरी याची एक प्रत मी आजच मुलाकडे पाठवत आहे, कारण ते वाचताना त्याचे तोंड कसे होते हे मला जिवंतपणी पाहायचे आहे. बाळा, ज्या बोलीवरून तू मला वेडी ठरवणार आहेस ती तुझ्या बायकोची आहे. अर्जातले नाव बदलावे लागेल. खुशाल बदल, आणि कोर्टात नेण्याआधी एकदा स्वयंपाकघरात जाऊन तिला मोठ्याने वाचून दाखव.

यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. केले होते असे भाऊजी म्हणतील, तर ते खोटे. वरील सर्व मजकूर मी सांगितला, वकीलसाहेबांनी लिहिला, मला वाचून दाखवला, मी तीन ठिकाणी भांडले आणि मग तो बरोबर आहे असे मान्य करून, दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही करत आहे.

सही : (अंगठा नाही, सही)
मृत्युपत्र करणार बाई

साक्षीदार १ : डॉक्टर. बाईंनी माझ्यासमोर सही केली. सही करताना दवाखान्यातली जुनी बाके विकणार का, असे त्यांनी मला विचारले.

साक्षीदार २ : समोरचे न्हावी. माझ्यासमोर सही केली. माझे म्हणणे काही नाही, खुर्ची उत्तम चालते.

ठिकाण : गोदाम, पुढच्या दाराशी
दिनांक : शिक्क्यावर आहे तोच