खंडेनवमीच्या चार वायरी

२३ ऑक्टोबर १९४७, गुरुवार. खंडेनवमी.
आज मोटारीची यथासांग पूजा केली. बाकी लोक तागडी, मापं, नांगर पुजतात. मुरूम गावात मोटार पुजणारा मी एकटाच. लोक हिला खटारा म्हणतात. पुढं दोन माणसांची जागा, मागं उघडा हौदा, वय माझ्या लग्नापेक्षा जास्त. पण इंजिन अस्सल आहे. नुसता बाहेरून हार घालणं मनाला पटेना, म्हणून चारही प्लग आणि त्यांच्या वायरी काढल्या, रॉकेलनं पुसल्या, ताटात घालून देवापुढं ठेवल्या आणि विभूती लावली. अव्वा, माझी आई, म्हणाली, कुठली वायर कुठं होती त्याची खूण म्हणून चिंधी बांध. मी हसलो. सगळं डोक्यात आहे.
सोलापूरहून उमाचं पत्र आलं आहे. लग्नानंतर बारा वर्षांनी माझ्या बहिणीला मुलगा झाला. अव्वाला नातू बघायचा आहे. उमा बाळंतीण, त्यात रझाकारांचे दिवस, ती इकडं कशी येणार? अव्वाला वचन दिलं, मोटारीत बसवून नेतो. चार तासांचा तर रस्ता.
निश्चय: परवा निघायचं.

२५ ऑक्टोबर, शनिवार. सकाळ.
वायरी परत लावल्या. एक, दोन, तीन, चार, अगदी ओळीनं. हँडल मारलं, मोटार धापा टाकत चालू झाली. वेशीपाशी तिनं मागून असा बार काढला की बाजारातली दुकानं पटापट बंद झाली. शाळेचे गुरुजी गटारात आडवे. सगळ्यांना वाटलं गोळीबार. मी हौद्यात उभं राहून जाहीर केलं की हा फक्त माझा सायलेन्सर आहे. कुणी आभार मानले नाहीत.
अव्वा इरकली लुगडं नेसून, बोचकं घेऊन ओट्यावर तयार बसली होती. बोचक्यात नातवासाठी शिवलेली कुंची. म्हटलं, दोन दिवस थांब.
कारण उघड आहे. परमिटच्या पेट्रोलात पाणी.

२८ ऑक्टोबर.
पेट्रोल धोतराच्या चार पदरांतून गाळलं. जगदेवीनं ते धोतर काठीनं उचलून परड्यात टाकलं. बायकोला इंजिनाची आवड नसली की असं होतं.
बार आहेतच, उलट मोठे झालेत. पेट्रोल शुद्ध झाल्यानं जोर वाढला असणार.

३ नोव्हेंबर, सोमवार.
लाडलेसाब मिस्त्री न बोलावता आला. मागच्या गल्लीत राहतो. गावात पान्हे असलेला माझ्याशिवाय तो एकटा. बॉनेटला कान लावून म्हणाला, "सेठ, सणात कुछ खोले थे क्या?"
नाही म्हणालो. हे खोटं नाही. पूजेला काढणं म्हणजे खोलणं नव्हे. तो म्हणाला, वायरी एकदा बघू का? म्हटलं, गरज नाही, दोष कार्ब्युरेटरचा आहे.
जाताना एक गोष्ट मात्र बजावून गेला. संस्थानाच्या हद्दीच्या नाक्यावर शिपायांच्या बंदुका भरलेल्या असतात. हा आवाज आला तर कोण, कुठले हे ते विचारत बसणार नाहीत, सरळ गोळी घालतील. बार थांबल्याशिवाय अम्माला नेऊ नका. एवढं पटलं.
निश्चय: आठ दिवसांत मोटार मुकी करायची.

८ नोव्हेंबर.
कार्ब्युरेटर खोलून परातीत मांडला. साफ करून परत बसवला. एक स्क्रू उरला. मुळात जास्तीचा होता, त्यामुळंच अडत असावं.
संध्याकाळी चाचणी. पाच बार.

१२ नोव्हेंबर. दिवाळी.
यंदा भीतीपोटी गावात एकही फटाका वाजला नाही. हे दिवाळीचं काम मी एकट्यानं केलं, असं शेजारच्या नागप्पानं चारचौघांत म्हटलं. दुर्लक्ष केलं.
अव्वाला खोकला झाला आहे. हवा बदलली की होतो.

१७ नोव्हेंबर, सोमवार.
नागप्पा घरच्या बायकामुलांना सोलापूरला पोचवायला चार बैलगाड्या घेऊन निघाला. एका गाडीत अव्वासाठी गादी घालतो म्हणाला. दोन मुक्कामांचा प्रवास. मी हात जोडून नाही म्हणालो. दारात मोटार असताना आई बैलगाडीनं पाठवली, असं आयुष्यभर ऐकायचं कुणी?
अव्वा ओट्यावरून सगळं ऐकत होती. म्हणाली, "कल्याण, मला जाऊ दे रे गाडीनं. मला मोटारीत बसायचं न्हाय. लेकरू बघायचंय."
मी म्हटलं, चारच दिवस, अव्वा. ती गाड्या वळणाआड जाईपर्यंत तिकडं बघत राहिली. नंतर बोचकं सोडून कुंची काढली, झटकली, परत घडी घालून ठेवली.
तिला थोडं वाईट वाटलं असेल. मोटारीत बसली की विसरेल.

२४ नोव्हेंबर.
सायलेन्सरलाच भोक पडलं असणार. पत्रा गुंडाळला, वर माती लिंपली, वर गोणपाट. आवाज खरोखर कमी झाला. मग गोणपाट पेटलं. जगदेवीनं दोन घागरी ओतल्या आणि म्हणाली, लाडलेसाबला बोलवा, तुमच्या पाया पडते. त्याला बोलवायला मला कमीपणा वाटतो असं तिला वाटतं. तसं काही नाही. सवड मिळत नाही.

१ डिसेंबर, सोमवार.
अव्वानं अंथरूण धरलं. वैद्य म्हणाले, काळीज थकलंय, जे मनात असेल ते लवकर करा. वैद्य लोकांना घाई फार.
अव्वानं विचारलं, मोटार गप झाली का? म्हटलं, उद्या.

४ डिसेंबर.
रात्रभर विचार केला. ठिणगी पडायची वेळ चुकत असणार. डिस्ट्रिब्युटर थोडा फिरवून पाहिला. आज दिवसभरात एकही बार नाही. मोटार चालूच झाली नाही, पण दिशा बरोबर आहे.
सकाळी उत्साहात मी अव्वाला म्हणून गेलो होतो की आज निघू. तिनं जगदेवीकडून इरकली नेसवून घेतलं. दुपारी जगदेवी लुगडं बदलायला गेली तर म्हणाली, राहू दे, परत नेसायचा तरास. तशीच निजली.

९ डिसेंबर, मंगळवार.
अव्वा गेली. पहाटे. अंगावर तेच लुगडं होतं.

१० डिसेंबर.
काल पुढं काही लिहवेना.
आम्हां लिंगायतांत माणसाला निजवून नेत नाहीत. जंगमानं मंत्र म्हटले, अव्वाला विमानात, म्हणजे सजवलेल्या पालखीत, ताठ बसवलं, फुलं वाहिली, कपाळी विभूती लावली. विमान खांद्यावर घेऊन लोक निघाले. बसवून नेतो म्हणून वचन मी दिलं होतं. नेलं गावानं. वाट मोटारीच्या बाजूनंच होती. मी तिच्याकडं पाहिलं नाही.
लाडलेसाब टोपी हातात घेऊन स्मशानापर्यंत चालत आला होता.

१३ डिसेंबर, शनिवार.
उमा आली. नागप्पाच्या परतीच्या गाडीनं. अव्वा खोकत असल्याचं त्यानं सोलापुरात सांगितलं होतं, दीड महिना होताच ती पोर घेऊन निघाली. दोन मुक्काम केले. नाक्यावरच्या शिपायानं पोराचं तोंड बघितलं आणि आडवं लाकूड उचललं.
तिला वाटेत काही कळलं नव्हतं. गाडीतून उतरून पोर पुढं करत म्हणाली, "अव्वा कुठाय?"
मी ओट्यावर होतो. अव्वा बसायची त्याच जागी.

१५ डिसेंबर, सोमवार.
लाडलेसाब भेटायला आला. उठताना मोटारीकडं पाहून पुन्हा तेच विचारलं, सणात काही खोललं होतं का? या वेळी सांगितलं. प्लग काढले, वायरी काढल्या, ताटात मांडल्या, परत ओळीनं लावल्या.
त्यानं बॉनेट उचललं. तिसरी वायर चौथीच्या जागी लावली, चौथी तिसरीच्या. मी फिरवलेला डिस्ट्रिब्युटर जागेवर आणला. म्हणाला, "इसका नंबर एक, दो, चार, तीन रहता, सेठ." हँडल मारलं. जगदेवीनं त्याच्यासाठी चहाचं आधण ठेवलं होतं, ते उकळायच्या आत मोटार चालू झाली. बार नाही, धाप नाही.
मी म्हणणार होतो की कार्ब्युरेटर साफ केल्याचाही उपयोग झाला असेल. म्हणालो नाही.

१८ डिसेंबर, गुरुवार.
उमाला सोलापूरला सोडून आलो. नाक्यावर शिपाई विडी ओढत होता. त्यानं मानही वर केली नाही. पोराच्या डोक्यावर अव्वाची कुंची. अख्ख्या वाटेत ते एकदाही दचकलं नाही, झोपून होतं. उमा खिडकीतून बाहेर बघत होती. माझ्याशी एकच वाक्य बोलली, पोचल्यावर. म्हणाली, "दादा, किती जवळ आहे रे."
जायला चार तास लागले. यायला चार.
आल्यावर वायरींना चिंध्या बांधल्या. पहिलीला एक, दुसरीला दोन, तिसरीला तीन, चौथीला चार. अव्वाचं जुनं पातळ फाडून.